सुतारकामासाठी धुळीचा मास्क: दोन तास घालून ठेवता येईल असा कोणता?

शिवणकाठ

मंडळी, मदत हवी आहे.

चार वर्षं झाली, शनिवार-रविवार लाकूडकाम करतो. पुण्यात गच्चीला लागून आठ बाय दहाची खोली आहे, तेच माझं वर्कशॉप. आधी सगळं हातानं चालायचं: रंधा, पटाशी, करवत. गेल्या दिवाळीत घासायला ऑर्बिटल सँडर आणि कडा-खाचा कोरायला ट्रिम राउटर घेतला आणि खोलीतली हवाच बदलली. पूर्वी पायाखाली ढलप्यांचा खच पडायचा, झाडून टाकला की झालं. आता पिठासारखी धूळ उडते. ती दिव्याच्या उजेडात तरंगताना दिसते आणि रात्री परत खोलीत गेलो तरी तिचा वास येतो.

सध्या एका पाडलेल्या वाड्यातल्या सागाच्या तुळया आणून पुस्तकांचं कपाट करतोय. दोन तास घासकाम केलं की नाक शिंकरल्यावर रुमाल तपकिरी होतो. मनगटाला आणि मानेला दुसऱ्या दिवशी खाज सुटते.

मास्क वापरून पाहिले. दवाखान्यातला निळा मास्क काहीच अडवत नाही, कडांवरून धूळ सरळ आत येते. कानात अडकवायचा पांढरा एन-९५ घेतला, तर अर्ध्या तासात कानामागे दुखतं आणि चष्म्यावर वाफ धरते. वाफ धरली की पेन्सिलीची रेघ दिसत नाही. मग मास्क हनुवटीवर ओढतो, 'एवढंच एक पान घासून घेऊ' म्हणतो आणि उरलेलं सगळं काम तसंच होतं. दर वेळी असंच.

चष्मा आहे, आठवड्याची दाढी असते आणि एप्रिलमध्ये गच्चीवरची खोली भट्टी होते. हे धरून सांगा. पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील, पण घातला की विसरून जाता यावा असा मास्क हवा आहे.

हेदू

शिवणकाठ, तुमचा चष्माच तुम्हाला उत्तर देतोय. वाफ वर येते याचा अर्थ मास्क नाकाच्या दांडीपाशी उघडा आहे. उच्छ्वास जिथून बाहेर पडतो, तिथूनच श्वासाबरोबर धूळ आत येते. म्हणजे तुमची गैरसोय आणि धूळ या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत, फट एकच आहे.

कानात अडकवायचे मास्क या कामासाठी बाद करा. कानाच्या दोऱ्या मास्कला चेहऱ्यावर पुरेसा दाबून धरू शकत नाहीत. डोक्यामागून जाणारे दोन पट्टे असलेला घ्या: एक पट्टा टाळूवर, दुसरा मानेवर, कानांखालून. वरचा पट्टा कानांवरून फिरवून दोन्ही पट्टे मानेवर घेतले की काही उपयोग नाही. आपल्याकडे नव्वद टक्के लोक असाच घालताना दिसतात.

दुसरं म्हणजे झडप, श्वास सोडायचा व्हॉल्व्ह. कोविडच्या काळात झडपेचे मास्क नको म्हणत होते, कारण झडपेतून आपला उच्छ्वास न गाळता बाहेर जातो आणि समोरच्याला धोका. लाकडाच्या धुळीला तो मुद्दा लागू नाही. इथे आत येणारी हवा गाळायची आहे. झडपेमुळे गरम, दमट हवा लगेच बाहेर पडते, चेहऱ्याला घाम कमी येतो आणि चष्माही बराच स्वच्छ राहतो.

दर्जाचं थोडक्यात: युरोपच्या मानकात एफएफपी१ म्हणजे चाचणीत किमान ८० टक्के कण अडवणारा, एफएफपी२ ९४ टक्के, एफएफपी३ ९९ टक्के. अमेरिकेचा एन-९५ साधारण एफएफपी२ च्या जवळ. आपल्याकडे आयएस ९४७३ हे मानक आहे आणि त्यातही एफएफपी१, २, ३ अशाच श्रेणी आहेत. मास्कवर आयएसआय चिन्ह आणि हा क्रमांक छापलेला आहे का ते बघा. नुसतं 'एन-९५' कुणीही छापतं. सँडरवर काम असेल तर एफएफपी२ च्या खाली जाऊ नका.

आणि एक राहिलं. वाड्यातल्या तुळयांवर जुना ऑईलपेंट आहे का? असेल तर तो सँडरनं उडवू नका. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखात ९० भाग) आत ठेवायचा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल याचा भरवसा नाही. ओला करून पत्र्यानं खरवडा, खरवडलेलं पिशवीत भरा.

राजापूरकर_नातू

वाद घालायचा म्हणून नाही, मनापासून विचारतोय. माझे आजोबा सुतार होते. फणस, ऐन, किंजळ असली लाकडं त्यांनी उभ्या आयुष्यात कापली. तोंडाला फार तर पंचा. ८४ व्या वर्षापर्यंत कामावर. त्यांना कधी दम लागलेला मी पाहिला नाही. मग हे दोन-दोन हजारांचे मास्क खरंच गरजेचे आहेत, की आपण शहरातली माणसं जास्त नाजूक झालोय?

नाककानघसा

नातूसाहेब, प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी कान-नाक-घशाची डॉक्टर आहे.

तुमच्या आजोबांचं हत्यार वेगळं होतं. रंध्यातून निघते ती ढलपी. करवतीतून निघतो तो भुसा, जाड आणि जड, खाली पडणारा. या कणांपैकी फार थोडे हवेत तरंगतात. त्यातून जे नाकात शिरतात त्यातले मोठे नाकातच अडकतात आणि शिंकेबरोबर बाहेर जातात. सँडर मात्र मिनिटाला हजारो फेरे घेत लाकडाचं पीठ पाडतो. त्यातले दहा मायक्रॉनपेक्षा लहान कण नाकाला चकवून खाली जातात, त्याहून बारीक असतील ते थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. पंचाच्या विणीत यांना वाट मोकळीच असते, आणि पंचाच्या कडा तर उघड्याच.

शिवाय आजोबा बहुधा अंगणात, मांडवात काम करत असतील. आज तेच काम बंद फ्लॅटमध्ये, खिडक्या लावून होतं.

आता आजाराचं. १९६० च्या दशकात ऑक्सफर्डच्या आमच्याच शाखेतल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की नाकाच्या आतला एक फार दुर्मिळ कर्करोग जवळच्या हाय विकम भागातल्या फर्निचर कामगारांमध्ये वारंवार दिसतोय. तो भाग खुर्च्या बनवण्यासाठी प्रसिद्ध. १९६८ साली ते निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाच्या धुळीला गट १ मध्ये टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग करते हे सिद्ध झालेल्या पदार्थांत. धूळ श्वासात जाणं आणि आजार दिसणं यात काही दशकं जातात, त्यामुळे कारण आणि परिणाम कुणी एकत्र पाहत नाही.

हे घाबरवायला लिहिलेलं नाही. शनिवार-रविवार काम करणाऱ्याला हा कर्करोग होण्याची शक्यता फार कमी. दमा, सतत वाहणारं किंवा चोंदलेलं नाक, त्वचेची ॲलर्जी हे जास्त नेहमीचं. ब्रिटनच्या सरकारी सुरक्षा यंत्रणेनुसार तिथल्या सुतारांमध्ये दम्याचं प्रमाण इतर कामगारांच्या चौपट आहे.

शिवणकाठ, तुमच्या मनगटाची खाज सागामुळे असू शकते. सागाच्या गाभ्यात डीऑक्सिलॅपॅकॉल नावाचं द्रव्य असतं, ते त्वचेला चाळवतं. एकदा ॲलर्जी पक्की झाली की पुढे थोडीशी धूळही पुरते. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, काम झाल्यावर लगेच अंघोळ. आणि सगळ्यांसाठी: एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येत असेल किंवा एकच बाजू महिनोन्महिने बंद राहत असेल तर 'धुळीनं झालंय' म्हणून सोडून देऊ नका, दाखवून घ्या.

राजापूरकर_नातू

हे पटलं. आजोबा पडवीत काम करायचे, समोर आगर, वारा कायम. सँडर त्यांनी कधी पाहिलाच नाही. माझ्या स्वतःच्या हातात मात्र ग्राइंडरला लावलेली घासायची चकती आहे. पंचा आजपासून बंद.

कातकाम

सावंतवाडीहून. आमच्याकडे लेथवर लाकूड कातताना फार त्रास नसतो, ओल्या लाकडाचे तर लांब दोरे निघतात. त्रास होतो तो कातून झाल्यावर, पॉलिश पेपर धरल्यावर. वस्तू फिरत असते आणि धूळ नेमकी आपल्या तोंडावर येते, कारण तोंड तिथंच, वितीभर अंतरावर.

मला दाढी आहे, ती काढणार नाही. म्हणून नाक-तोंड झाकणारा रबरी अर्धा मास्क माझ्या कामाचा नाही. केसांवर रबर बसत नाही, फट राहते. तीन वर्षांपूर्वी बॅटरीवर चालणारा घेतला. आत पंखा असतो, गाळलेली हवा कपाळावरून खाली सोडतो, समोर काचेसारखा पडदा. हवेचा दाब आतून बाहेर असल्यामुळे चेहऱ्याला घट्ट बसायची गरज नाही. चष्म्यावर वाफ नाही, श्वास ओढावा लागत नाही, आणि आमच्या मे महिन्यात तोंडावर वारा लागतो हे सुख शब्दांत सांगता येत नाही. किंमत मात्र जबर आहे, आणि डोक्यावर वजन येतं. पहिला आठवडा मान दुखली. रोज काम करणारा असेल तर घ्यावा. शनिवार-रविवारसाठी मी सुचवणार नाही, त्यापेक्षा शनिवारी सकाळी दाढी करा.

तरफ

मिरजेत तंबोऱ्याच्या कामात आहे. आमच्याकडे लाकूड तुणीचं, पण जास्त त्रास भोपळ्याचा. वाळलेला भोपळा आतून खरवडताना जी भुकटी निघते तिच्यात बुरशी असते, आणि ती छातीत बसली की आठ-आठ दिवस खोकला. आमची जुनी माणसं गूळ खायची. मी झडपवाला एफएफपी२ वापरतो, डोक्यामागून पट्टे असलेला.

एक प्रश्न. मी मास्क आठवड्यातून एकदा धुतो, साबण लावून. पैसे वाचतात. चालतं ना?

हेदू

तरफ, नका धुऊ. या मास्कच्या मधल्या थरातल्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो. बारीक कण मुख्यतः त्या भारानं ओढले जातात, नुसत्या चाळणीसारखे अडकत नाहीत. साबण किंवा स्पिरिट लागलं की भार जातो. मास्क दिसायला स्वच्छ, पण गाळणं बरंच कमी. श्वास ओढायला जड वाटू लागला, आतून ओला-मळकट झाला, पट्टा सैल पडला की टाकून द्या. तोवर झटकायचाही नाही. झाकणाच्या डब्यात ठेवा. खिळ्याला टांगलेल्या मास्कच्या आतल्या बाजूला धूळ बसते आणि सकाळी ती आपणच हुंगतो.

म्युनिक_मुक्काम

इथे जर्मनीत ओक आणि बीच या लाकडांच्या धुळीनं होणारा नाकाचा कर्करोग व्यावसायिक आजारांच्या सरकारी यादीत आहे. युरोपात कामाच्या ठिकाणी कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा २०२३ च्या जानेवारीपासून घनमीटरला २ मिलिग्रॅमवर आणली, त्याआधी ३ होती. मी संध्याकाळच्या सुतारकामाच्या वर्गाला जाते. तिथे मास्कबद्दल फार बोलत नाहीत, कारण प्रत्येक यंत्राला धूळ ओढणारी नळी जोडल्याशिवाय बटणच दाबू देत नाहीत. झाडू मारायलाही बंदी, कारण झाडल्यानं बसलेली धूळ परत उठते. मास्क शेवटी येतो.

शिवणकाठ, तुमच्या सँडरच्या मागे नळी जोडायचं तोंड असेलच. त्याच्याबरोबर आलेली कापडी पिशवी काढा आणि बारीक गाळणीचा व्हॅक्यूम लावा. मास्क आरामदायक वाटण्याचा हाही एक मार्ग आहे. धूळ कमी असली की फिल्टर लवकर भरत नाही आणि श्वास हलका राहतो.

पल्लवी_सुतारांची

बरेच दिवस वाचते, लिहीत नाही. या धाग्यावर लिहावंसं वाटलं.

माझे बाबा इंटिरियरच्या साइटवर काम करतात, तीस वर्षं झाली. आधी साग आणि प्लाय, आता निम्मं काम एमडीएफचं. एमडीएफ म्हणजे लाकडाचा लगदा आणि फॉर्मल्डिहाइडचा डिंक. त्यात राउटर फिरवला की जी धूळ उडते तिला वजनच नसतं. बंद फ्लॅट, एसीचं काम व्हायचंय, खिडक्यांना प्लास्टिक लावलेलं, आणि चार माणसं त्यात दहा तास. बाबा घरी आले की भुवयाही पांढऱ्या असायच्या. पहाटेचा त्यांचा खोकला हे आमच्या घरातलं घड्याळ होतं.

मी नोकरीला लागल्यावर पहिल्या पगारात मास्कचा खोका आणला. बाबांनी दोन दिवस घातला. मग म्हणाले, "पोरी, गुदमरतं. हातात चालू कटर असताना श्वास कोंडला तर बोट जाईल." मला राग आला होता. पुढे कळलं की ते खरं सांगत होते. तो स्वस्तातला, बिनझडपेचा मास्क घामानं भिजून नाकाला चिकटायचा. जो मास्क माणूस काढून ठेवतो त्याच्यावर किती टक्के लिहिलंय याला काय अर्थ?

मग मी नागदेवीला गेले, मुंबईत. सुरक्षेच्या सामानाच्या दुकानदारानं रबराचा अर्धा मास्क दाखवला, दोन बाजूंना गुलाबी चकत्या. थ्रीएमचा ६००० मालिकेतला, आणि २०९१ क्रमांकाचे फिल्टर. त्या फिल्टरचा दर्जा पी१००, म्हणजे ९९.९७ टक्के. मी विचारलं, एवढा जाड गाळणारा घातल्यावर आणखी गुदमरणार नाही का? तो म्हणाला, बाबांना घेऊन या, घालून बघू द्या.

बाबांनी घातला आणि म्हणाले, "यात हवा आहे." दोन चकत्या असल्यामुळे हवा ओढायला जागा दुप्पट, आणि झडप मोठी. रबर तोंडापासून लांब राहतं, ओठांना काही लागत नाही. आज अडीच वर्षं तोच वापरताहेत, फिल्टर तेवढे बदलतो. मास्क आणि फिल्टरची पहिली जोडी मिळून दोन हजारांच्या आसपास पडले होते. खोकला पूर्ण गेला नाही, पण पहाटेचा कमी झालाय.

दादा, तुम्ही हौसेनं करता आणि स्वतःची काळजी घेता, चांगलंच आहे. एवढंच म्हणते, तुमच्या घरी फर्निचरचं काम निघेल तेव्हा मिस्त्रींना आणि त्यांच्या पोरांना मास्क द्या. सनमायक्याचा नमुना निवडायला आपण तीन वेळा दुकानात जातो.

नाककानघसा

पल्लवी, बाबांची एकदा फुप्फुसांची फुंकर-चाचणी करून घ्या, स्पायरोमेट्री म्हणतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम. अडीच वर्षांनीही खोकला आहे, तर दमा आहे का ते कळायला हवं. असेल तर इनहेलरनं बराच आराम पडतो.

पल्लवी_सुतारांची

हो डॉक्टर, या आठवड्यात नेते.

शिवणकाठ

उशीर झाला लिहायला, पण वापरून मगच सांगावं असं ठरवलं होतं.

रबरी अर्धा मास्क घेतला, तोच, ६२०० म्हणजे मधला साइज. सोबत झडपवाले पट्ट्याचे एफएफपी२ पाच. दोन शनिवार-रविवार झाले.

रबरी मास्कबद्दल: दाढी करून घातला तेव्हा फरक लगेच कळला. सागाचा वास थोडा येतो, पण धूळ अजिबात नाही. रुमाल पहिल्यांदा पांढरा निघाला. चष्म्यावर वाफ नाही, कारण झडप खाली तोंड करून आहे. अडचण अशी, की मास्कचा वरचा भाग नाकाच्या दांडीवर उंच येतो आणि चष्मा त्याच्यावर टेकून पुढे सरकतो. आधी मास्क, मग चष्मा, आणि चष्म्याला मागून दोरी, असं केल्यावर जमलं. दीड तास सलग घातला. काढला तेव्हा हनुवटीखाली घाम होता, एवढंच.

फोन आला की काढावा लागतो, बोललेलं समोरच्याला कळत नाही. मग फोनच खोलीबाहेर ठेवू लागलो.

एफएफपी२ राउटरच्या पाच-दहा मिनिटांच्या कामाला आणि झाडलोटीला ठेवलाय. म्हणजे झाडलोटीला नाही, म्युनिकताई, झाडू बंद केला. व्हॅक्यूम जोडला सँडरला. खोलीतली धूळ डोळ्यांना दिसेल इतकी कमी झाली.

तुळयांवर रंग होता, हिरवा, दोन थर. ओला करून खरवडला. हेदू, त्याबद्दल वेगळे आभार.

आता शेवटच्या पॉलिशला लाखेचा चपडा लावायचा की मेलामाइन हे ठरत नाहीये. मेलामाइन मारलं तर हाच मास्क चालेल ना?

हेदू

नाही. हे फिल्टर कण अडवतात, वाफ नाही. मेलामाइनमधल्या थिनरची वाफ यातून सरळ आत येते, आणि मास्क घातलाय म्हणून आपण निर्धास्त राहतो, ते जास्त वाईट. त्याच मास्कला सेंद्रिय वाफेची कार्ट्रिज लागते, कोळशाची, युरोपियन खुणेत तपकिरी पट्टा असतो. फवारणी करणार असाल तर त्यावर कणांचा फिल्टरही लागेल. ती कार्ट्रिज उघडी ठेवली की पडून पडूनही संपते, हवाबंद पिशवीत ठेवा. चपड्यात स्पिरिट असतं, ते तुलनेनं सौम्य, पण दारं-खिडक्या उघड्या आणि शेगडी लांब. वाड्याच्या सागाला मी तरी चपडाच लावीन.

आणि रबरी मास्क घातल्यावर दर वेळी हे करा: दोन्ही चकत्यांवर तळवे दाबून हळू श्वास आत ओढा. मास्क चेहऱ्याकडे खेचला गेला आणि तसाच राहिला पाहिजे. मग झडपेवर तळवा ठेवून हळू श्वास सोडा, मास्क किंचित फुगला पाहिजे, कडेनं हवा निसटायला नको. कुठे निसटली तर पट्टे नीट करा. पट्टे करकचून आवळून फट बुजत नाही. उलट रबर दुमडतं आणि नवी फट तयार होते. तेवढ्यानं जमलं नाही तर साइज बदला.

शिवणकाठ

केलं आत्ता. उजव्या गालापाशी किंचित निसटत होती, पट्टा एक खाच सैल केल्यावर थांबली. चपडाच लावतो.

पल्लवी, तुमचं लिहिणं डोक्यातून गेलं नाही. पुढच्या महिन्यात आईकडे स्वयंपाकघराचं काम निघालंय, मिस्त्री आणि दोन मुलं येतील. तिघांना रबरी मास्क द्यायचं ठरवलंय, काम झाल्यावर ते त्यांचेच. साइज कसा ठरवायचा? बाबांना कोणता बसला?

पल्लवी_सुतारांची

बाबांना ६३००, मोठा. त्यांचा चेहरा रुंद आहे. त्यांच्या हाताखालच्या मुलाला ६१०० लागला, लहान. अंदाजानं तीन मधले आणू नका दादा. आधी तिन्ही साइजचा एक-एक आणा, तिघांना घालायला लावा, हेदूंनी सांगितलं तसं तळवे दाबून बघा आणि न बसलेले बदलून घ्या. दुकानदाराला आधी विचारलं तर बहुतेक देतात बदलून. मुलांना घालायला लावताना बाबा म्हणतात तसं सांगा, "आधी यात दहा मिनिटं बसून बघ, मग कटर हातात घे."

काल स्पायरोमेट्री झाली. रिपोर्ट सोमवारी मिळेल, इथे लिहिते.